दुसरा डोस राहिलाच!

एक गोष्ट आधीच क्लिअर करते. मी 'कॅट पर्सन' वगैरे अजिबात नव्हते. आमच्या घरी लहानपणी मांजर म्हणजे दुधावरची साय गायब झाली की आठवणारा प्राणी. त्यामुळे जूनमधल्या त्या संध्याकाळी हिंजवडीहून निघून, चांदणी चौकातलं ट्रॅफिक पार करून, नखशिखांत भिजून कर्वेनगरला पोचले आणि पार्किंगमध्ये रूममेट उकिडवी बसलेली दिसली, तेव्हा मला वाटलं हिची गाडी पुन्हा बंद पडली. गाडी ठीक होती. गाडीच्या फूटबोर्डवर मात्र दोन पिल्लं होती. ओली, थरथरणारी, ओंजळीत मावतील एवढी. आणि आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून वाकून 'काय चाललंय खाली?' विचारलं. आई दोन दिवस दिसली नाही, असं वॉचमनकाका म्हणाले.

'एकच रात्र हं,' रूममेट म्हणाली.

'एकच,' मी म्हणाले.

हा डायलॉग ज्यांनी ज्यांनी आयुष्यात एकदा तरी मारलाय, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. तिसऱ्या दिवशी नावं पडली होती. बन आणि मस्का. मस्का पिवळा-पांढरा, धष्टपुष्ट, वाटी ठेवायच्या आधी वाटीत तोंड घालणारा. बन करडा, हडकुळा, चोवीस तास कपाटाखाली. पैज लावायची असती तर कुणीही मस्कावरच लावली असती. मीही.

पहिल्याच शनिवारी दोघांना एका बास्केटमध्ये कोंबून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. (बास्केट म्हणजे रूममेटच्या आईने साताऱ्याहून आंबे पाठवलेली. मांजरांना हापूसचा वास आवडत नाही, हा शोध तेव्हाच लागला.) डॉक्टरांनी तोंडं उघडून दुधाचे दात बघितले, वजन केलं आणि म्हणाले, साधारण आठ आठवड्यांची आहेत. जंताचं औषध दिलं. पुढच्या आठवड्यात पहिली लस. आणि हातात एक छोटंसं पुस्तक ठेवलं. आत लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं, शेजारी सही, त्याखाली पुढची तारीख. अगदी आपल्या लहानपणीच्या बीसीजी, ट्रिपल, पोलिओच्या कार्डासारखं. ते कार्ड आपल्या आयांनी लग्नाच्या अल्बमशेजारी जपून ठेवलेलं असतं, बघा!

आम्ही ते पुस्तक फ्रिजवर ठेवलं. मॅग्नेटने. पिझ्झाच्या मेन्यूखाली.

आता मी गुन्हा कबूल करते. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. त्या आठवड्यात माझं रिलीज होतं आणि रूममेटचं अप्रेझल. तारीख टळली. पहिले दोन-तीन दिवस अपराधी वाटलं, मग नुसतं आठवलं, मग तेही बंद. आणि मनाशी एक छान समजूत करून घेतलेली होतीच. एक इंजेक्शन तर झालंय ना? आणि मांजरं घरातच तर असतात. दार बंद, खिडकीला जाळी. त्यांना कोण देणार रोग?

पहिल्या मजल्यावरच्या आजींना तर हा सगळाच प्रकार जाम विनोदी वाटायचा. 'मांजराला कसली गं लस? आमची मांजरं दूधभातावर जगली.' आजी अजूनही या भागाला हिंगणंच म्हणतात. त्यांच्या मते 'कर्वेनगर' हे बिल्डर लोकांनी आणलेलं नाव. (चूक! महर्षी कर्व्यांचा आश्रम 1900 मध्ये इथे हिंगण्याच्या माळावर आला म्हणून हे नाव. पण आजींशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.) आजींच्या मांजरांबद्दल मला आता एवढंच म्हणायचंय, की जी जगली ती आजींना आठवतात. जी पिल्लं चार दिवस दिसली आणि मग दिसली नाहीत, त्यांची कुणी मोजदाद ठेवली? 'बोक्याने खाल्ली असतील' म्हणून विषय संपायचा.

गंमत म्हणजे कर्व्यांचा आश्रम हिंगण्याला आला त्या काळात पुण्यात प्लेगच्या साथी येऊन-जाऊन होत्या, आणि लस या विषयावर आपल्या शहरांत सॉलिड भांडणं चालू होती. वॉल्डेमार हाफकिनने प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला सगळ्यात आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. माणसं तरीही घाबरायचीच. आणि त्याच सुमाराला आपल्या मांजरांना भलताच मान मिळाला होता. विदर्भात काम करणारे बुकॅनन नावाचे एक ब्रिटिश लष्करी डॉक्टर 1908 च्या सुमारास हिरीरीने मांडत होते, की ज्या गावांत मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, म्हणून मांजरं पाळा! मांजर उंदीर खातं, उंदीर गेले की पिसवा गेल्या, असा साधा हिशोब. मांजरांना स्वतःला प्लेग होऊ शकतो हे कळल्यावर हा हिशोब थोडा गडबडला, असो. पण माणसाला वाचवायला मांजर, ही आयडिया निघाली तेव्हा मांजराला वाचवायला काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

तर, मस्का.

ऑगस्टमधला सोमवार. मी ऑफिसातून आले तर मस्का दारात नाही. इतिहासात पहिल्यांदा. शोधलं तर स्वयंपाकघरात पाण्याच्या वाटीसमोर बसलेला. अंग चोरून, मान खाली घालून, नाक पाण्याला टेकेल असं. पण पीत नव्हता. नुसता बसला होता. हे दृश्य लक्षात ठेवा, प्लीज. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं आणि पाणी न पिणारं पिल्लू म्हणजे 'पोट बिघडलं असेल, उद्या बघू' नाही. त्याच रात्री डॉक्टर. आम्ही मात्र 'उद्या बघू' म्हटलं.

मंगळवारी सकाळी पिवळट फेसाची उलटी. मग आणखी एक. अंग तापलेलं. मी चक्क रूममेटला विचारलं होतं, क्रोसिनचा छोटा तुकडा देऊया का म्हणून. नशीब, दिला नाही. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, एका गोळीचा तुकडाही जीव घेऊ शकतो. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं तेव्हा हातपाय गार पडले.

डॉक्टरांनी शीची टेस्ट केली. छोटी पट्टी असते, प्रेग्नन्सी टेस्टसारखी. दोन रेघा. रक्त घेतलं, तर पांढऱ्या पेशी एकदम तळाला. रोगाचं नाव पॅनल्यूकोपेनिया. त्या लांबलचक नावाचा अर्थच 'सगळ्या पांढऱ्या पेशींचा दुष्काळ' असा आहे. मांजरवाले लोक त्याला 'कॅट पार्व्हो' म्हणतात. हा विषाणू शरीरात जिथे जिथे पेशी भराभर वाढतात तिथे घुसतो, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. आतडं सोललं जातं, म्हणून उलट्या-जुलाब आणि अंगातलं पाणी संपणं. मगज बंद पडतो, म्हणून लढायला पेशीच नाहीत. थेट त्या विषाणूवर चालेल असं हमखास औषध नाही. सलाईन द्यायचं, उलट्या थांबवायच्या, दुसरे जंतू घुसू नयेत म्हणून अँटिबायोटिक द्यायचं आणि पिल्लाच्या अंगात पुन्हा पेशी तयार होईपर्यंत त्याला जगवायचं. काही पिल्लं जगतात.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला दवाखान्यातून फोन आला.

रूममेटने त्या दिवशी सुटी टाकली. कारणाच्या रकान्यात 'पर्सनल' लिहिलं. मी ऑफिसला गेले आणि दिवसभर एकाच मेलचा ड्राफ्ट उघडून बसले. एका कलीगने विचारलं तर म्हणाले, 'मांजर गेलं.' तो 'ओह, सो सॅड' म्हणाला आणि लगेच 'दुसरं घे ना' म्हणाला. तो वाईट माणूस नाही. पण त्या वाक्यावर पुढे येणारच आहे.

संध्याकाळी डॉक्टरांसमोर बसले. दोन प्रश्न होते. रोग घरात आला कुठून? आणि एक डोस तर दिला होता, मग त्याचं काय झालं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पायात होतं. अक्षरशः. मी रोज सकाळी पार्किंगमधल्या मांजरांना खाऊ घालते आणि त्याच फ्लोटर्स घालून वर येऊन चहा टाकते. दोन आठवड्यांपूर्वी तिथलं एक पिल्लू गेलं होतं. वॉचमनकाकांनी सांगितलंही होतं, 'जुलाब होत होते बिचाऱ्याला.' मी 'अरेरे' म्हटलं होतं. हा विषाणू आजारी मांजराच्या शीतून, उलटीतून बाहेर पडतो आणि बाहेर चिवटपणे टिकतो. महिनोन् महिने, बंदिस्त जागेत वर्षभरसुद्धा. चपलेच्या तळव्याला, पँटच्या काठाला, हातांना, बास्केटला चिकटून घरात येतो. आपलं लाडकं हँड सॅनिटायझर त्याच्यापुढे फारसं काही करू शकत नाही. खिडकीची जाळी त्याच्यासाठी नव्हतीच. तो दारातून, माझ्याबरोबर, लॅचची किल्ली फिरवून आला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त लागलं.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईच्या चिकातून त्याला आईच्या अँटिबॉडीज मिळतात. डॉक्टर म्हणाले, असं समजा की आईने गडावर आपली शिबंदी बसवून दिली. लस म्हणजे गडावर पाठवलेला लुटुपुटूचा शत्रू. त्याच्याशी लढून पिल्लाच्या स्वतःच्या सैनिकांनी सराव करायचा. पण आईची शिबंदी अजून दमात असेल, तर ती लुटुपुटूच्या शत्रूला वेशीवरच कापून काढते. पिल्लाच्या सैनिकांना सराव मिळतच नाही. मग काही आठवड्यांत शिबंदी म्हातारी होते, गड सोडून जाते. आता गडावर आईचे लोक नाहीत आणि पिल्लाचे तयार नाहीत. खरा शत्रू आला तर दरवाजा सताड उघडा.

शिबंदी नेमकी कधी जाईल हे बाहेरून कळत नाही. कुणाची आठ आठवड्यांत ओसरते, कुणाची बाराव्या, कुणाची सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकते. एकाच वेतातल्या भावंडांत फरक असतो. म्हणून तर लस पुन्हा पुन्हा द्यायची! तो 'बूस्टर' नाहीच खरं तर. पहिला डोस कच्चा आणि दुसरा वर्ख लावायला, असं काही नाही. प्रत्येक डोस म्हणजे दार ठोठावून बघणं, आतली शिबंदी गेली का? शेवटचं ठोठावणं सोळाव्या आठवड्यानंतर हवं, कारण तोवर बहुतेकांची गेलेली असते.

'म्हणजे मस्का...' मी म्हणाले.

'नक्की नाही सांगता येणार,' डॉक्टर म्हणाले. 'पण जे पिल्लू आईचं दूध भरपूर प्यायलंय, त्याच्यात आईच्या अँटिबॉडीज जास्त असू शकतात. मग पहिला डोस वाया जाण्याची शक्यताही जास्त.'

मस्का. वाटीत सगळ्यात आधी तोंड घालणारा.

बन त्या वेळी बास्केटमध्ये बसून आंब्याच्या वासाकडे तुच्छतेने बघत होता. ताप नाही, उलटी नाही. कदाचित त्या हडकुळ्या पोराचा पहिला डोस लागू पडला होता, कदाचित नुसतं नशीब. डॉक्टरांनी ताप बघून त्याला तिथेच लस दिली आणि दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा म्हणून सांगितलं.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण त्यानंतर मी ऑफिसमध्ये सहज चौकशी केली तर आमच्या एका फ्लोअरवर सात जणांकडे मांजरं निघाली. त्यातल्या चौघांचं उत्तर सेम होतं. 'हो, एक इंजेक्शन दिलंय.'

म्हणून कॅलेंडर उघडा आणि ऐका. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिला डोस. मग दर तीन ते चार आठवड्यांनी, वय सोळा आठवड्यांपुढे जाईपर्यंत. म्हणजे आठव्या आठवड्यात सुरू केलंत तर साधारण तीन डोस. मग सहाव्या महिन्याच्या आसपास आणखी एक, म्हणजे आधीचं कुठे निसटलं असेल तर इथे पकडलं जातं. पूर्वी हा वर्षाचं झाल्यावर द्यायचे, आता जगभरातले पशुवैद्य तो अलीकडे ओढायला सांगतात. त्यानंतर दर वर्षी की तीन वर्षांनी, हे तुमचं मांजर बाहेर जातं का, इतर मांजरांत मिसळतं का यावर डॉक्टर ठरवतील. मोठं मांजर घरी आणलंय आणि आधीचं काहीच माहीत नाही? तर काहीच झालेलं नाही असं धरून दोन डोस, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. भाटी गाभण असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण जिवंत विषाणूची लस अशा वेळी देत नाहीत.

ही लस थ्री-इन-वन असते. दवाखान्यात सरसकट 'ट्रायकॅट' म्हणतात. त्यातला एक भाग पॅनल्यूकोपेनियाचा. उरलेले दोन मांजरांच्या सर्दीचे, हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंचे. शिंका, चिकट डोळे, तोंडात फोड, आणि नाक बंद झालं की खाणं बंद, कारण मांजराला वास आला नाही तर जेवण दिसत नाही. इथे एक प्रामाणिक गोष्ट. पॅनल्यूकोपेनियाची लस वेळेवर पूर्ण झाली तर ती तटबंदीच आहे. सर्दीची तशी नाही. ती आजार टाळेलच असं नाही, पण सौम्य करते. आपल्या फ्लूच्या लसीसारखं. आणि हर्पिस एकदा आला की मुक्काम कायमचा, ताण आला की डोकं वर काढतो. घर बदललं, पाहुणे आले, दिवाळीचे फटाके, की लगेच शिंका सुरू.

आणि तटबंदीलाही मर्यादा असतात. 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंगळूरच्या बन्नेरघट्टा प्राणिसंग्रहालयात बिबट्याचे सात बछडे पंधरवड्यात याच पॅनल्यूकोपेनियाने गेले. बिबट्याही शेवटी मांजरच! त्यांना लस दिलेली होती. बछड्यांचं वय, एकत्र ठेवलेली जनावरं, बाहेरून आलेला विषाणूचा मोठा डोस... अशा वेळी लस एकटी पुरी पडेलच असं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याची बातमी आली तेव्हा सगळे वासाबद्दल बोलत होते. मला आता त्या बातमीत वेगळंच दिसतं. एवढ्या मांजरांत एक शिंक किती जणांपर्यंत जाईल?

लस नसलेली संकटंही आहेत. डिसेंबर 2024 अखेर नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच शेजारच्या छिंदवाड्यात घरातल्या मांजरांमध्येही तो सापडला. त्यावर उपाय एकच, कच्चं चिकन बंद. शिजवून द्या. 'रॉ डाएट'चं फॅड बाजूला ठेवा.

आता रेबीज. इथे मी जरा सीरियस होणार आहे. बारा आठवडे झाले की रेबीजची लस, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि मग डॉक्टर सांगतील तशी. आपल्याकडे रेबीज बहुतेक वेळा कुत्र्यांकडूनच येतो. पण पिसाळलेला कुत्रा मांजरालाही चावू शकतो आणि ते मांजर पार्किंगमधून तुमच्या मांडीवर येऊन बसू शकतं. बाहेरच्या मांजराने चावा घेतला किंवा रक्त येईल असं ओरबाडलं, तर हळद-चुना वगैरे नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. (पंधरा मिनिटं म्हणजे किती वेळ असतो ते एकदा घड्याळ लावून बघा.) मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयातही ही इंजेक्शनं मिळतात. कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दंडात दिली तर 14 वा दिवसही धरून. आता पोटात चौदा इंजेक्शनं नसतात, घाबरू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही, म्हणून इथे 'उद्या बघू' चालत नाही.

शिवाय पुणे महापालिकेने नोव्हेंबर 2022 मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांनाही परवाना लागेल असं ठरवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी त्यावर भरपूर जोक मारले. मीही मारले. बोक्याला लायसन्स, मग पीयूसी पण काढा, वगैरे. त्या परवान्यासाठी रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं हे त्या जोक्समध्ये कुठे आलंच नाही.

'पण लसीने त्रास झाला तर?' हा प्रश्न रूममेटच्या आईने साताऱ्याहून फोनवर विचारला. दिवसभर पेंगणं, थोडं कमी खाणं, टोचलेल्या जागी बारीक गाठ, हे चालतं. चेहरा सुजला, उलट्या झाल्या, धाप लागली तर लगेच मागे फिरायचं, म्हणून लस दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्यातच बसा. गाठ तीन महिने गेली नाही किंवा महिन्याभरानंतर मोठी होत गेली तर दाखवा, फार क्वचित ती वाईट निघते. आणि पिल्लू आजारी असेल, ताप असेल, तर लस पुढे ढकला. पुढे ढकला म्हणजे फ्रिजवर पिझ्झाच्या मेन्यूखाली नाही, नवी तारीख घ्या. खर्चाचं म्हणाल तर एक डोस म्हणजे साधारण दोघांचा मल्टिप्लेक्स आणि पॉपकॉर्न. मस्काच्या दोन दिवसांच्या उपचारांत सगळे डोस दोनदा झाले असते. हा हिशोब मी एकदाच केला आणि पुन्हा केला नाही.

आता ते 'दुसरं घे ना'. घरात पॅनल्यूकोपेनिया होऊन गेला असेल तर दुसरं पिल्लू लगेच आणणं म्हणजे त्याला त्याच आगीत टाकणं. विषाणू तिथेच असतो. सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात. लस पूर्ण झालेलं मांजरच आणायचं, तेही काही महिन्यांनी. आम्ही लिटर ट्रे, वाट्या आणि ती आंब्याची बास्केट फेकून दिली. फरशी आधी साबणाने धुतली, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असं करून दहा मिनिटं ओली ठेवली. बनला तेवढा वेळ आजींकडे ठेवलं होतं. आणि हो, फिनेल नाही! आपल्या बायका मांजराच्या शीवर भक्तिभावाने फिनेल ओततात. ते मांजराच्या पंजांना लागतं, पंजे चाटले की पोटात जातं, आणि मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही.

आजींनी बनला दुपारभर सांभाळलं. मी आणायला गेले तेव्हा तो त्यांच्या मांडीवर होता आणि टीव्हीवर सिरियल चालू होती. 'दूधभात नाही दिला गं,' त्या आपणहून म्हणाल्या. 'तुमच्या त्या डॉक्टरला विचारून देईन.' मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, 'आमची एक होती, ठकी. तिची चार पिल्लं एका आठवड्यात गेली होती. मी शेजारणीशी भांडले होते, विष घातलं म्हणून. तिने शेवटपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं.'

त्यावर मला काही सुचलं नाही. मी बनला उचललं.

पार्किंगमधल्या उरलेल्या तीन मांजरांना आम्ही एका रविवारी पकडलं. वॉचमनकाका, रूममेट, मी आणि सुक्या बोंबलाचं एक पाकीट. तीन तास लागले, माझ्या जुन्या ओढणीचं वाटोळं झालं, पण तिघांनाही पहिला डोस झाला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी नाक मुरडलं, मग रेबीजची लसही देणार म्हटल्यावर शंभर रुपये काढून दिले. माझ्या फ्लोटर्स आता दाराबाहेर राहतात.

बनचा राहिलेला डोस आणि रेबीज, दोन्ही झालं. सहाव्या महिन्याचा ऑक्टोबर अखेरीस आहे. रिमाइंडर तीन लावलेत. एक माझ्या फोनवर, एक रूममेटच्या, आणि एक आजींच्या घरी कालनिर्णयवर, लाल पेनाने, 'दूध खाडा'च्या शेजारी. तिन्हींत भरवसा मला त्या तिसऱ्याचाच आहे.